रिकाम्या हाताची कैफियत

आभासी वास्तवाची साधने घडविणाऱ्या मंडळींनी अलीकडे एक प्रतिपादन इतक्या निःशंकपणे मांडले आहे की, ऐकणाऱ्याला ते तपासून पाहण्याची गरजच भासू नये. डोळ्यांवर जो संच चढवावयाचा, त्याच्या जोडीला पूर्वी दोन्ही हातांत बटणे असलेल्या मुठी धराव्या लागत. आता त्या मुठी टाकून द्या, संचावर बसविलेले कॅमेरेच तुमचे उघडे हात पाहतील, बोटांच्या हालचाली टिपतील आणि समोरच्या मायासृष्टीत त्या हालचालींचा तत्काळ अंमल होईल. आणि मनुष्य जन्मल्यापासून हातच वापरीत आला असल्यामुळे यंत्राशी व्यवहार करण्याची याहून स्वाभाविक रीत असू शकत नाही, असे ते प्रतिपादन आहे. त्यातील पहिला भाग, म्हणजे कॅमेऱ्याला हात पाहता येतात हा, आज निर्विवाद खरा आहे. दुसरा, म्हणजे ही रीत स्वाभाविक आहे हा, मला अर्धाच खरा वाटतो; आणि उरलेले अर्धे ज्यांच्या पोटावर पाय देऊ शकते अशी माणसे माझ्या आसपास पुष्कळ राहतात, म्हणून ही तपासणी करण्याचे मी योजिले आहे.

पनवेल हे हातांच्या कष्टावर उभे राहिलेले गाव आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी खाडीतून गलबताने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. तेव्हापासून माल उतरविणारे, गाड्या भरणारे, भात सडणारे, तराजू धरणारे हात हीच या गावाची खरी मिळकत होती. १८५२ साली ज्या गावाला नगरपालिका मिळाली त्याच्या तालुक्यात आज तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, तारा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली केंद्राचे ग्रामोद्योगांचे काम आहे, नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे, उलव्याला २०२५ च्या ऑक्टोबरात ज्याचे उद्घाटन झाले तो विमानतळ आहे, आणि शेजारच्या पेण तालुक्यात गणपतीचे कारखाने आहेत. हाताच्या स्वभावाविषयी कोणी दूरदेशी निर्णय देऊन टाकला असेल, तर त्यावर साक्ष देण्याचा अधिकार या पंचक्रोशीला नक्कीच पोहोचतो.

या विद्येचा इतिहास फार लांबविण्याचे कारण नाही. परंतु त्यातील एकदोन गोष्टी मुद्द्याशी थेट निगडित आहेत. आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली अंतिम प्रदर्शनयंत्र कसे असावे याची जी कल्पना रेखाटली, तिच्यात संगणकाने दाखविलेली खुर्ची नुसती दिसणे त्याला पुरेसे वाटले नव्हते. तिच्यावर बसता आले पाहिजे, अशी त्याची अपेक्षा होती. तीन वर्षांनी, १९६८ साली, त्याने छतापासून टांगलेला जो शिरस्त्राणासारखा संच तयार केला, त्यात अर्थातच कोणतीही खुर्ची बसण्याजोगी नव्हती. पण पदार्थाने शरीराला अडविले पाहिजे ही अट मूळ कल्पनेत होती, हे विसरता कामा नये. पुढे १९८० च्या दशकात टॉमस झिमरमन या तरुणाने बोटांची वाकण मोजणारा हातमोजा बनविला, आणि जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल या कंपनीने त्याचाच 'डेटाग्लोव्ह' करून १९८७ साली जगापुढे आणला. बोटांच्या पाठीवरून नेलेल्या प्रकाशतंतूंतील प्रकाश बोट वाकले की कमी होई आणि त्यावरून वाकण समजे, अशी त्याची हिकमत होती. झिमरमनला या मोज्याची कल्पना सुचली ती हवेत गिटार वाजविण्याच्या हौसेतून. तारच नसलेल्या वाद्याच्या ओढीने या शाखेचा आरंभ झाला, आणि तार नसल्याची उणीव आजवर भरून निघालेली नाही.

मोज्यानंतर कॅमेरा आला. २०१३ साली लीप मोशन या छोट्या डबीने अवरक्त प्रकाशात हात टिपण्यास सुरुवात केली. २०१९ च्या डिसेंबरात क्वेस्ट या संचाला केवळ आपल्या कृष्णधवल कॅमेऱ्यांच्या बळावर हात ओळखता येऊ लागले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅपलचा व्हिजन प्रो आला, ज्यात नजरेने वस्तू निवडावयाची आणि अंगठा व तर्जनी चिमटीसारखी जुळवून होकार द्यावयाचा. आपल्या बाजूने सांगावयाचे तर पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी अमेरिकेत 'सिक्स्थसेन्स' हा प्रयोग केला होता. बोटांवर रंगीत टोप्या, गळ्यात कॅमेरा आणि लहानसा प्रक्षेपक एवढ्या सामग्रीवर समोरची भिंतच पडदा करणारा हा प्रयोग २००९ साली म्हैसूरच्या व्यासपीठावर दाखविला गेला, तेव्हा ज्यांनी तो पाहिला त्यांना झालेला आनंद खोटा नव्हता. हात उंचावून चौकट धरावी आणि छायाचित्र निघावे, यात मनुष्याच्या इच्छेला मिळालेला मान आहे. तो मान मीही नाकारीत नाही.

परंतु कॅमेऱ्याला हात म्हणजे नेमके काय दिसते? आज या क्षेत्रात जी सामाईक प्रमाणपद्धती रूढ आहे, तिच्यात एका हाताचे २६ बिंदू मानले जातात: मनगटाचा एक, तळव्याचा एक, अंगठ्याचे चार आणि उरलेल्या चार बोटांचे प्रत्येकी पाच. प्रत्येक क्षणी हे बिंदू अवकाशात कोठे आहेत याचा हिशेब यंत्र करीत राहते. मूठ मिटली, एक बोट दुसऱ्याआड गेले, हात पाठमोरा झाला, की काही बिंदू दृष्टीआड होतात. तेव्हा यंत्र ते पाहत नाही, पूर्वी पाहिलेल्या असंख्य हातांच्या आधारे त्यांचा अंदाज बांधते. यंत्राजवळचा हात म्हणजे दृष्टी आणि अनुमान यांचे मिश्रण होय. त्यात वजन नाही, दाब नाही, उष्णता नाही, घाम नाही. माणसाच्या तळव्याच्या आणि बोटांच्या आतल्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात असे शरीरशास्त्रज्ञांनी मोजले आहे. त्यांपैकी एकाचीही वार्ता त्या २६ बिंदूंपर्यंत पोहोचत नाही.

आपल्या सांख्यांनी दहा इंद्रियांची जी वाटणी केली, तिच्यात पाणि म्हणजे हात कर्मेंद्रियांत बसविला आहे आणि त्वचा ज्ञानेंद्रियांत. विवेचनाच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी प्रत्यक्ष देहात मात्र कोठेच आढळत नाही; कारण हातावर त्वचा आहे, आणि जो हात करतो तोच त्याच क्षणी जाणतो. जात्यात घास टाकणारी बाई पीठ किती बारीक पडते आहे हे खुंट्याच्या ओढीवरून ओळखते. तिच्या करण्यातून जाणणे वेगळे काढता येत नाही. हाताचा मागोवा घेणाऱ्या यंत्राने मात्र ही शास्त्रातली वाटणी अक्षरशः अमलात आणली आहे: त्याने पाणि तेवढा उचलला आणि त्वचा दाराबाहेर ठेवली. माझी सारी हरकत या एका ठिकाणी आहे, आणि पुढे जे काही म्हणावयाचे ते तिचाच विस्तार आहे.

याच्या बरोबर उलट व्यवहार आपल्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. गुरांच्या बाजारात आणि धान्याच्या पेठेत सौदा करताना घेणारा व विकणारा यांचे हात रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली जात, बोटे दाबून भाव बोलला जाई, आणि भोवती उभ्या असलेल्या दहा माणसांना चेहऱ्यांपलीकडे काही दिसत नसे. याला हत्ता म्हणत. किती बोटे धरली, कोणते पेर दाबले, दाब कितीसा होता, हे सारे केवळ त्वचेला कळे. डोळ्याला त्यात प्रवेश नव्हता. दृष्टीवाचून स्पर्शाने चालणारा हा संवाद कमालीचा सूक्ष्म होता, आणि तो अत्यंत अन्यायकारकही होऊ शकत असे. कारण अडत्या आणि व्यापारी यांच्या बोटांत काय ठरले ते ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच कळत नसे. म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता. मी हत्त्याची आठवण काढतो ती त्याच्या पुनरुज्जीवनासाठी नव्हे. हाताची भाषा डोळ्यावाचून पुरी होऊ शकते, पण स्पर्शावाचून ती किती उरते, हे मोजावयाचे असेल तर हा एक चांगला दाखला आहे. आणि हात वाचण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर सौद्याचा न्याय ठरतो, हीही गोष्ट त्यातून शिकण्याजोगी आहे.

आता करणाऱ्या हाताकडे वळू. पेण, हमरापूर, जोहे या भागांतील गणपतीच्या कारखान्यांत माती मळणारे, साचा भरणारे, जोड पुसणारे, रंग देणारे हात वेगवेगळे असतात. पण डोळ्यांची आखणी करणाराचा मान निराळा. सर्व रंग वाळल्यावर अगदी शेवटी हे काम निघते. मूर्ती मांडीजवळ घेऊन, कोपर गुडघ्यावर रोवून, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून आखणीकार बारीक केसांचा कुंचला उचलतो. वरच्या पापणीची रेघ नाकाच्या बाजूने सुरू होते ती केसाएवढी, मध्यावर दाब किंचित वाढला की भरते, आणि बाहेरच्या कोपऱ्याला येताना मनगट न हलविता कुंचला उचलला गेला की पुन्हा केसाएवढी होऊन संपते. एवढ्या वेळात तो श्वास घेत नाही. दुसऱ्या डोळ्याची रेघ पहिलीशी जुळली नाही तर मूर्ती तिरळी दिसते आणि गिऱ्हाईक ती उचलत नाही. या कामात करंगळी काहीच करीत नाही असे कॅमेऱ्याला दिसेल. वस्तुतः सर्व काम तिच्या आधारावर उभे असते.

येथील एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने आभासी मूर्ती रंगविण्याचा प्रयोग मांडला होता, आणि पेणच्या बाजूच्या एका वयस्कर आखणीकारांना तो दाखविण्यास कोणीतरी घेऊन आले होते. त्यांनी संच चढविला, समोर मूर्ती पाहून क्षणभर हात जोडले, आणि अंगठा व तर्जनी जुळवून हवेतला कुंचला उचलला. त्यांची करंगळी मूर्तीच्या गालाकडे गेली आणि गालाच्या आरपार निघून गेली. पुन्हा गेली, पुन्हा निघाली. "बाळा, करंगळी टेकवू कशावर?" त्यांनी विचारले. "काका, टेकवायची गरजच नाही, तशीच हवेत काढा," तो मुलगा अगदी मनापासून म्हणाला. काकांनी रेघ ओढली. हात कापला, पण पडद्यावर उमटली ती रेघ कापरी नव्हती, कारण बोटांच्या थरथरीला गाळून टाकण्याची योजना त्या प्रणालीत केलेली होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "ही सरळ कुणी केली?" त्या मुलाची मेहनत खरी होती, आणि त्याने आपले काम प्रामाणिकपणे समजावून सांगितले. परंतु काकांचा प्रश्न त्या उत्तराने संपला असे मला वाटत नाही. ज्या गाळणीने थरथर काढली तिला, पापणीच्या मध्यावर जाणूनबुजून वाढविलेला दाब आणि म्हातारपणाने आलेला कंप यांतील भेद कळण्याचा मार्गच नव्हता, कारण दाब तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नव्हता.

हेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या फिटरच्या पहिल्या वर्षात दिसते. व्हाइसमध्ये पोलादाचा तुकडा, म्हणजे त्यांच्या भाषेतला जॉब, आवळावयाचा आणि कानशीने घासून तो सपाट करावयाचा, एवढेच काम आठवडेच्या आठवडे चालते. नवशिक्याची कानस पुढे जाताना डुलते, त्यामुळे तुकडा मध्ये उंच आणि कडांना उतरता होतो. मग गुण्या लावून तो उजेडासमोर धरावयाचा आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासावयाचे. दात भरले की कानस घसरू लागते, हे हाताला आधी कळते आणि डोळ्याला मागाहून. म्हणून तिला खडू चोळतात. बाहेरून पाहणाऱ्याला या सक्तीच्या कंटाळ्यात शिक्षण दिसत नाही. पण त्या आठवड्यांत पोलाद मुलाच्या खांद्यांना काहीतरी शिकवीत असते, आणि त्याचे खांदे ते स्वीकारीत असतात. रिकाम्या हाताने हवेत कानस चालविणाऱ्याला हालचालीचा आकार शिकता येईल. तिचा विरोध शिकता येणार नाही, आणि कसब म्हणजे मुख्यतः विरोधाशी केलेला तह होय. हात रिकामा असणे ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे असे मानण्यातच मूळ चूक आहे. जुन्या महजरांवर लिहिता न येणारा पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढवीत असे, इतर वतनदार व बलुतेदारही आपापल्या धंद्याचे अवजार काढीत. आपण कोण हे सांगताना त्यांनी मोकळ्या पंजाची आकृती पुढे केली नाही, हातात जे धरले जाई तेच पुढे केले.

यावर कोणी म्हणेल की दूर अंतरावरून, प्रत्यक्ष वस्तूला न शिवता काम करण्याची निकड असते तेव्हा काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्यापासून एका खाडीच्या पलीकडे, ट्रॉम्बेला, कित्येक दशकांपूर्वी मिळालेले आहे. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत रे गोएर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जे जोडहात घडविले, तशाच जातीचे यांत्रिक हात भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतः तयार केले. जाड भिंतीच्या अलीकडे उभा राहून, शिशाच्या काचेतून पाहत तंत्रज्ञ मूठ चालवितो आणि पलीकडचा पोलादी हात ती हालचाल गिरवितो. पण पलीकडच्या हाताला जो अटकाव होतो तो तारा-पट्ट्यांच्या जोडणीतून अलीकडच्या मुठीपर्यंत परत येतो. झाकण आवळले गेले की नाही हे त्या माणसाला मनगटात समजते. ज्यांना चूक परवडत नव्हती अशा लोकांनी हाताचा नुसता मागोवा घेण्यावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी पदार्थाचा विरोध परत आणण्याची तसदी घेतली. आणि त्यासाठी त्यांनी हातात एक मूठ दिली, जी टाकून देणे आज प्रगती समजली जाते.

प्रतिपक्षाजवळ याला एक सबळ उत्तर आहे, आणि ते न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'दा विंची' या शस्त्रक्रिया-यंत्राला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, तेव्हापासून दोन तपांच्या आसपास हजारो शल्यविशारदांनी टाक्याचा ताण बोटांना न जाणवता, केवळ ऊतकाच्या ओढीकडे पाहून शस्त्रक्रिया केल्या आणि त्या यशस्वी झाल्या. डोळा त्वचेचे काम शिकू शकतो, हे यातून सिद्ध होते. मी ते मान्य करतो. परंतु ज्यांनी हे साध्य केले ते आधी अनेक वर्षे उघड्या हातांनी ऊतके हाताळलेले लोक होते. त्यांच्या डोळ्याला जे कळत होते ते त्यांच्या बोटांनी पूर्वी मिळवून ठेवलेल्या भांडवलावर. शिवाय 'दा विंची' बनविणाऱ्या कंपनीनेच २०२४ साली आणलेल्या नव्या यंत्रात बलाची जाणीव परत देण्याची योजना केली, ती काही निष्कारण नव्हे.

येथवर मी करणाऱ्या हाताविषयी बोललो. बोलणाऱ्या हाताची गोष्ट वेगळी आहे, आणि तेथे या विद्येचा दावा मी आनंदाने मान्य करतो. भरताच्या नाट्यशास्त्रात २४ असंयुत आणि १३ संयुत हस्त सांगितले आहेत. पताक, कर्तरीमुख, मुष्टि, अंजलि या मुद्रांना कोणताही पदार्थ धरावयाचा नसतो, पाहणाऱ्याच्या मनात अर्थ उमटवावयाचा असतो. आपल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एखादी मुलगी नृत्य करते तेव्हा तिच्या हातात कमळ नाही म्हणून कोणी हळहळत नाही. बोटाने दाखविणे, मोजणे, बोलाविणे, निरोप देणे, नको म्हणणे, ही सर्व हवेतच पुरी होणारी कामे आहेत. दूर राहणाऱ्या दोघांना एका आभासी खोलीत बसवून त्यांचे हातवारे एकमेकांना दाखविणे, नृत्याच्या विद्यार्थिनीला तिची तर्जनी किती वाकली आहे हे सांगणे, मूकबधिर मुलाला खुणांचा सराव देणे, यांसाठी हातांचा मागोवा ही उत्कृष्ट सोय आहे, आणि हातात मूठ देणे म्हणजे त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखे होईल.

तथापि येथेही स्वाभाविक कोणाचे, हा प्रश्न उभा राहतोच. अमेरिकन खुणाभाषेत अक्षरे एका हाताने काढतात; भारतीय खुणाभाषेत ती मुख्यतः दोन हातांनी काढतात, आणि स्वर तर एका हाताच्या तर्जनीने दुसऱ्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांना शिवून दाखवितात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने हात हाताला लागणे, बोटाने बोट झाकणे, ही सर्वांत अवघड अवस्था. क्वेस्टसारख्या संचांना ती निदान बऱ्यापैकी जमू लागली ती २०२२ च्या सुधारणेनंतर. म्हणजे पहिली दोन-अडीच वर्षे हा 'स्वाभाविक' व्यवहार एका देशाच्या मुळाक्षरांना जेवढा सोपा होता तेवढा आपल्या मुळाक्षरांना नव्हता, आणि आपला रोजचा साधा नमस्कार, ज्यात दोन्ही तळवे एकमेकांना झाकून टाकतात, त्याच्या अडचणीच्या यादीत मोडत होता. दिल्लीच्या भारतीय खुणाभाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ ची; त्याने २०२१ पर्यंत १० हजार संज्ञांचा कोश सिद्ध केला. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. हे द्रव्य हाताशी असताना आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांनी परक्या एकहाती वर्णमालेवरच प्रकल्पामागून प्रकल्प करावेत, याचे मला वाईट वाटते. ज्या ठिकाणी ही विद्या खरोखर आपल्या माणसांच्या उपयोगी पडेल, त्याच ठिकाणी आपण उसनवारी करीत आहोत.

आणि मग ते हात, जे २६ बिंदूंच्या नकाशात बसतच नाहीत. कुष्ठरोगाचे जंतू कोपराजवळच्या मज्जातंतूला गाठतात तेव्हा करंगळी व अनामिका आखडून नखीसारख्या होतात, त्या बाजूची संवेदना जाते, आणि अंगठा तर्जनीला घट्ट भिडविणारा स्नायू दुबळा पडतो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी एका स्नायूची दोरी दुसऱ्या कामाला लावून असे हात पुन्हा उघडण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि बोटे झडतात ती रोगाने खाल्ल्यामुळे नव्हे, वेदनाच न कळल्यामुळे झालेल्या जखमांनी, हे निक्षून सांगितले. नेऱ्याच्या शांतिवनात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना त्वचेवाचून हात चालविणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही: गरम भांडे उचलताना ते आधी डोळ्याने पाहतात, कारण हात सांगणार नाही. आपण ज्याला मायासृष्टीतले मोकळेपण म्हणून विकत घेणार, ती अवस्था त्यांनी व्याधी म्हणून भोगली आहे. आणि होकाराची सार्वत्रिक खूण म्हणून निवडली कोणती, तर अंगठा-तर्जनीची चिमटी. म्हणजे नेमकी तीच, जी अशा हाताला जमत नाही. तळोज्याच्या वसाहतीत असो वा अन्यत्र, पॉवर प्रेसखाली ज्याची तर्जनी गेली त्या कामगारालाही हीच खूण मागितली जाते. बटणाची मूठ निदान तळव्याने दाबता येत असे.

त्यातही एक खरी आशा आहे, आणि ती दृष्टीआड करणे कृतघ्नपणाचे ठरेल. मूठ सर्वांना एकाच मापाची द्यावी लागते. खुणा मात्र माणसागणिक बदलता येतात. ज्याला चिमटी जमत नाही त्याने तळवा पालथा केला तरी तो होकार समजावा, असे यंत्राला सांगणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाच्या पेटीने तुटलेल्या हाताच्या वेदनेला उतार आणून दाखविला. हात डोळ्याला दिसणे याचाच मेंदूवर काही परिणाम होतो, हे त्यातून कळले, आणि पक्षाघातानंतरच्या व्यायामांत हातांचा मागोवा घेणारे संच वापरण्यामागे हाच धागा आहे. आपला आजारी हात पडद्यावर थोडा अधिक उघडलेला पाहून रोग्याला पुन्हा प्रयत्न करावासा वाटणे, ही मोलाची गोष्ट आहे. फक्त त्यासाठी ज्या हातांवर यंत्र शिकते त्यांत नेऱ्याचे आणि तळोज्याचे हातही असले पाहिजेत. एक गौण बाब येथेच नोंदवितो: एका बाहूचे वजन शरीराच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे जवळजवळ तीन किलो असते, आणि तो हवेत तोलून धरला की खांदा थोड्याच वेळात भरून येतो. नव्या संचांनी मांडीवरचा हातही पाहण्याची सोय करून हा दोष बराच निवारला, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

व्यवहारात यातून काय निघते? प्रशिक्षणासाठी असे संच घेण्याची निविदा जेव्हा एखाद्या संस्थेच्या टेबलावर येईल, तेव्हा हाताने करावयाचे जे काम शिकवावयाचे आहे त्यात विरोध किती आणि खूण किती, याचा तपशील आधी मागितला जावा. विमानतळावर मार्शलने विमानाला द्यावयाच्या हस्तसंकेतांचा सराव, कारखान्यातून आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट, क्रेनचालकाला द्यावयाच्या खुणा, हे सर्व रिकाम्या हाताने उत्तम शिकता येईल आणि जीव धोक्यात घालावा लागणार नाही. कानस, वेल्डिंग, चाकावरची माती, कुंचला, शिवण, यांसाठी संच आला तर तो कार्यशाळेच्या तासांत भर म्हणून यावा. व्हाइस आणि पोलाद यांची खरेदी कमी करण्याची सबब म्हणून तो येत असेल, तर खरेदीच्या दप्तरावर विरोधी शेरा लिहिणाऱ्या कारकुनाच्या पाठीशी गावाने उभे राहिले पाहिजे.

दुसरी बाब हक्काची. पेणच्या आखणीकारांचे, ताऱ्याच्या कुंभारांचे हात आज कॅमेऱ्याने टिपून ठेवता येतात, आणि ते टिपले जावेत असे मला मनापासून वाटते. पिढी संपत आली आहे आणि दाबाची नसली तरी हालचालीची नोंद राहील. परंतु ती नोंद पुढे कोणत्याही यंत्राला शिकविण्यास वापरली जाऊ शकते, आणि हत्त्यातल्या शेतकऱ्याप्रमाणे ज्याचा माल त्यालाच भाव न कळण्याचा प्रसंग त्यात अगदी सहज येईल. म्हणून अशी नोंद करण्यापूर्वी कारागिराशी मराठीत लिहिलेला करारनामा व्हावा. त्यात नोंद कोणाकडे राहील, कशासाठी वापरली जाईल, विकली गेली तर कारागिराचा हिस्सा किती, आणि त्याने नको म्हटल्यास ती पुसली जाईल की नाही, ही कलमे असावीत. त्याची एक प्रत त्याच्या घरी राहावी, आणि सही करण्यापूर्वी ती त्याला मोठ्याने वाचून दाखविली जावी.